पेडण्यातले चेऊलकर

आधीच सांगते, या लेखातलं आडनाव खरं नाही, माणसांची नावंही बदललेली आहेत. माझं खरं आडनाव अलिबागच्या बाजूच्या दुसऱ्या एका गावावरून आलेलं आहे आणि ज्या घराबद्दल लिहिणार आहे त्या घराचंही तेच आहे. त्यांच्या वाड्याचं नावही मी देणार नाही. त्या घरातल्या एका बाईचा देवळातला मान माझ्या एका वाक्यावर टेकला होता. तो अजून शाबूत आहे आणि तसाच राहावा. तेव्हा आपण चेऊलकर म्हणू.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. राहायला ठाण्यात. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचले ते गावोगाव पांगले, अशी आमच्यात कथा आहे. तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं मागाहून आली, तीही गावांची. पेणचा तो पेणकर, रोह्याचा रोहेकर, चेऊलचा चेऊलकर. शाळेत नवीन टीचर हजेरी घेताना माझ्यापाशी थांबायच्या. "शेरन चेऊलकर? हे कसं काय?" मी "असंच" म्हणून खाली बघायचे.

ठाण्यात आमच्या आडनावाची आता मोजकीच घरं उरली आहेत. बाकीचे इस्राएलात, अश्दोदला, लोदला, बेरशेबाला. म्हणून मागच्या हिवाळ्यात इन्स्टाग्रामवर मोरजीहून विराज चेऊलकर नावाच्या मुलाचा "हाय कझिन" असा निरोप आला, तेव्हा मी पहिल्यांदा अश्दोदच्या आतेबहिणीला विचारलं. तिलाही आला होता. शब्दन् शब्द तोच, शेवटची हात जोडलेली चित्रंसुद्धा. पेडण्यात आपलं जुनं घर आहे, आपण मूळचे ज्यू आहोत, तिथे हेरिटेज होमस्टे करायचा आहे, तुमच्यापैकी कुणी येऊन कॅमेऱ्यासमोर "हे आमचे लोक" एवढं सांगा.

"गोव्यात ज्यू?" मी पप्पांना म्हटलं. "इन्क्विझिशन होतं तिथे. ज्यू सापडला की तुरुंग, नाहीतर जाळणं."

"पेडणं तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतं. सावंतवाडीकरांचं होतं. एखादा तेली तिथे गेलाही असेल," पप्पा म्हणाले. आमच्या घरात ते आशावादी आहेत. "जाऊन तर बघ. नसतील आपले, तर समुद्र बघून ये."

मोरजी

विराजच्या होमस्टेवर निळ्या अक्षरात 'शालोम' लिहिलेलं होतं, शेजारी सहा कोनांचा तारा. बोर्ड मी जरा जवळून पाहिला. निळ्या रंगाखाली आधीची रशियन अक्षरं फुगून वर आली होती.

विराज तिशीचा असेल. हसरा, भरभर बोलणारा. पहिल्याच वाक्यात त्याने मला "सिस्टर" केलं आणि दुसऱ्यात माझा फोन मागितला, वायफाय जोडून द्यायला. मी दिला नाही. म्हटलं, पासवर्ड सांगा.

"इथे आधी रशियन होते," त्याने आपणहूनच सांगितलं. "आता इस्राएली जास्त. हरमलपासून इथपर्यंत. बोर्ड बदलला की गिऱ्हाईक बदलतं. पण आमचं खरं आहे हां, शेरन. बोर्ड नवा, माणूस जुना."

दुपारी त्याने 'कोशर थाळी', म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांतलं जेवण, मागवलं. भात, सोलकढी, भाजी, आणि वाटीत नारळाच्या लालसर रश्श्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी. आमच्यात ज्या माशाला खवले नाहीत तो खात नाहीत. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांतलं काहीच घरात येत नाही. मी भाजी-भात खाल्ला.

"स्पायसी लागलं?" विराजने विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्याला शिकवून ठेवायचं नव्हतं. आज मी सांगितलं असतं तर उद्या थाळी बदलली असती आणि परवा कुणाला काहीच ओळखता आलं नसतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर फिरले. एका बाजूला कासवांच्या अंड्यांसाठी जाळी लावून जागा राखलेली होती आणि राखणदार खुर्ची टाकून बसला होता. रात्री मादी येते, खड्डा करते, अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते, असं तो म्हणाला. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा जवळ कुणी नसतं. मी विचारलं, मग त्यांना कुठे जायचं कसं कळतं? तो म्हणाला, "उजेडाक वळतत. म्हणान तर हॉटेलवाल्यांक लाईट बंद करूक सांगतंव. नायतर चुकीच्या बाजूक जातत." त्याच्या मागे 'शालोम' लखलखत होता.

साखळी

दुसऱ्या दिवशी विराजला न सांगता मी म्हापशावरून साखळीची बस धरली. इंटरनेटवर तिथल्या एका चेऊलकरांच्या जुन्या ट्रक कंपनीचा नंबर सापडला होता. एकाच्या शब्दावर विसंबून परत जायचं नव्हतं.

आप्पा चेऊलकर बाजारामागे राहतात. खनिजाच्या वाहतुकीत त्यांचे ट्रक होते. खाणी बंद पडल्यापासून त्यातला एक अंगणातच उभा आहे आणि त्याच्या आरशावरून कारल्याचा वेल चढवलाय. वेल चांगला लागला होता. आप्पांनी मला खुर्ची दिली आणि दारातच उभे राहून विचारलं, "तू ब्रोकर न्हय मगे?"

"नाही."

"वकिलाकडची?"

"नाही. माझंही आडनाव चेऊलकर आहे."

"ह्यां तर त्याहून वायट," ते म्हणाले आणि आत बघून ओरडले, "अगो, चाय टाक. चेऊलकर इलीसा."

त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

चहाबरोबर काकणं आली, बांगडीसारखा गोल, कडक पाव. आप्पा तो चहात बुडवून खात होते. त्यांच्या घरी ऐकलेली गोष्ट अशी की पूर्वज मीठ घेऊन चेऊलहून आले आणि राहिले. ज्यू वगैरे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मी हळूच विचारलं, घरात काही खाणं वर्ज्य आहे का?

"वर्ज्य? सोमवारी शिवराक, मासळी नाय. बाकी सुंगटां नायत तर माका जेवण जाणा नाय," आप्पा म्हणाले. "बाये, नाव ह्यां गावाचा. गावात वाणी असतत, कोळी असतत, बामण असतत. जो भायर पडलो तो चेऊलकर. आता कोणाचो कोण सांगणार?"

परतीच्या बसमध्ये मी त्यावरच विचार करत होते. ते खरंच होतं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. चेऊलमध्ये चेऊलकर नसतात, तिथे म्हात्रे असतात, पाटील असतात. आडनाव फक्त एवढंच सांगतं की कुणीतरी तिथून निघालं होतं. कुठल्या देवाला घेऊन निघालं, हे त्यात कुठे असतं? मला बरं वाटलं. पप्पांना मेसेज करून टाकला: बहुतेक काही नाही. उद्या घर बघते आणि निघते.

पेडणे, शनिवार

शनिवार हा आमचा विश्रांतीचा दिवस, सॅबथ; त्या दिवशी प्रवास टाळतात. पण विराजने मुद्दाम शनिवारच ठरवला होता, काकीचा घाणा त्या दिवशी बंद असतो ते मला दिसावं म्हणून. पप्पा फोनवर म्हणाले, "जा. पाप लागलं तर माझ्या नावावर."

पेडण्याच्या स्टँडवरून पायलट केला. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात. वाटेत काजूंना मोहोर आला होता आणि त्याचा उग्र गोडसर वास हेल्मेटमधूनही येत होता. घर कौलारू, पुढे बसायचे सोपे, अंगणात तुळस. दाराच्या चौकटीवर पितळी नळी ठोकलेली दिसली, आमच्या दारांना असते तशी मेझुझा. पण डाव्या बाजूला. आमच्याकडे आत जाताना उजव्या हाताला लावतात. मी बोटाने हलवून पाहिली. आत प्रार्थना लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी नव्हती, नुसती पोकळ वाजली.

"इस्राएली गेस्टने दिली," विराज अभिमानाने म्हणाला. तो आधीच पोचून फोनचा स्टँड उभा करत होता.

सोप्यावर मनोरमाकाकी बसल्या होत्या. विराजच्या चुलत्याची बायको. नवरा गेल्यावर घाणा त्याच चालवतात. आता तो विजेवर आहे. साठीच्या, उंच, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"तुज्या बापाशीक भाव किती?"

"एक होते. वारले."

"आणि आजयाक?"

मी विराजकडे पाहिलं. तो हसत होता. "सांग सांग."

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं.

"तुका नाय, पण वकिलाक म्हायत आसतला," काकी म्हणाल्या. "कागद खंय सही करूचो, ता दाखव आधी. मगे चाय."

तेव्हा मला साखळीच्या आप्पांचं बोलणं उमगलं. गोव्यात वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. चार पिढ्यांपूर्वी मुंबईला गेलेल्याच्या पणतीचीसुद्धा. त्यामुळे तुमच्याच आडनावाची अनोळखी मुलगी दारात उभी राहिली तर ती पाहुणी नसते, वाटेकरी असते. तीन दिवस मी या लोकांवर संशय घेत होते, आणि इथे काकी माझ्या पिशवीकडे अशा बघत होत्या, जणू तिच्यात घराचा तुकडा घालून मी चालू पडणार.

"काकी, आमचं इथे काही नाही. मी वाटा मागायला आले नाही."

"सगळीच तशी म्हणतत."

"आम्ही तुमच्या जातीचेही नाही. आम्ही ज्यू आहोत."

हे सांगायला मला एरवी फार वेळ लागतो. काकींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे त्या गोऱ्यांपैकी? हरमलाक असतत तसली?" मग माझा रंग नीट निरखून, "दिसणंस नाय."

"नाही दिसत," मी म्हटलं. त्या एवढ्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं. वाट्याची भीती गेल्यावर चहा आला, आणि पाठोपाठ जेवायचं आमंत्रण.

विराजने आत-बाहेर शूटिंग सुरू केलं. घाण्याच्या खोलीला कुलूप. "बघा, शनिवार! सॅबथ!" तो फोनला सांगत होता.

"शनवारी तेल काढीत नाय. शनि लागता," काकी मला म्हणाल्या. ठाण्यातल्या आमच्या शेजारच्या काकूही शनिवारी तेल विकत घेत नाहीत. मी मनात खूण केली: पुरावा नाही.

जेवायला शेवट्यांचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण होतं. शेवटे म्हणजे खाडीतला खवल्यांचा मासा. मी सवयीने विचारलं, दुसरं काही मिसळलेलं नाही ना, सुंगटं वगैरे? काकी वाढता वाढता थांबल्या.

"आमच्या चुलीर ती चढणा नाय. माजा लगीन झाला तेव्हा आवशीन सांगलेला, चेडवा, सुंगटांक मुकलंस तू. हो विराज भायर खाता. घरात नाय."

"का चालत नाहीत?"

"चलणा नाय म्हणान चलणा नाय. देवाक सोडलेली आसतली कोणी." कुणीतरी नवस बोलून सोडलंही असेल. देवाला पडवळ सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. पण दुसरी खूण तितकी सहज झाली नाही.

जेवण झाल्यावर विराजच्या फोनची बॅटरी संपली आणि तो चार्जर आणायला गाडीवरून कोपऱ्यावरच्या मित्राकडे गेला. आम्ही दोघी सोप्यावर बसलो. काकी खोबऱ्याचे तुकडे उन्हात पसरत होत्या. मी त्यांच्याबरोबर पसरू लागले.

"तुजा आयकतलो तो," त्या म्हणाल्या. "तेका सांग, दसऱ्याक गोरी घेवन येव नको."

मागच्या दसऱ्याला विराज पाहुणे घेऊन आला होता. पेडण्याच्या बाजूला दसऱ्याला देवळातून तरंगं निघतात. रंगीत लुगडी नेसवलेले देवाचे उंच खांब, ढोलताशांसह वाडा फिरतात. त्यांच्यापुढे ज्या दिवट्या जळतात त्यांचं तेल या घरचं. हा त्यांचा मान. तेलाचं भांडं देवळात पोचतं तेव्हा गुरव काकींच्या हातात नारळ देतो. हे सांगताना त्या ताठ बसल्या. सासऱ्यांनंतर नवरा, नवऱ्यानंतर त्या. बाईमाणूस म्हणून कुणी काढून घेतला नव्हता.

"पण तेल आमी नवमीक पोचयतंव. दशमीक आमचा दार बंद."

"दसऱ्याला? सगळा गाव बाहेर असताना?"

"सगळो गाव भायर, आमी आत. नवमीची तिनसांज झाली काय दार लावचा. चूल नाय, पाणी नाय. पांढरा नेसान बसाचा. तरंगां आमच्या दारात थांबणत नाय, वळसो घेवन जातत. गावाक म्हायत आसा. खंयचो तरी पूर्वज दसऱ्याक मेलो, तेचो सुतक धरतत, अशी गजाल. हो विराज भायरसून दार बडयता, काकी, काकी, आणि माज्या तोंडात पाणी नाय."

"दार कधी उघडता?"

"दुसऱ्या तिनसांजेक. आभाळात तीन चांदण्यो दिसल्यार." त्यांनी तीन बोटं दाखवली. "तीनच कित्याक, ता माका म्हायत नाय."

माझ्या हातातला खोबऱ्याचा तुकडा हातातच राहिला. आमच्यात वर्षातून एकदा दारफाळणीचा सण येतो. दहावी तिथी, काही वर्षी दसऱ्याच्या आगेमागेच. आदल्या संध्याकाळपासून उपास, पाणीही नाही, पांढरे कपडे. कोकणातल्या जुन्या घरांत त्या दिवशी दारं लावून घेत, म्हणून हे नाव. आता आम्ही तो दिवस सिनेगॉगमध्ये काढतो. आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन चांदण्या मोजतो. तीन.

शनीचा दोष समजू शकतो. नवस समजू शकतो. तीन चांदण्यांना माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

काकी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

"तुमच्यातय आसा?" त्यांनी हळू विचारलं.

मी तोंड उघडलं.

"सांगा नको," त्या पटकन म्हणाल्या. "माका सांगा नको गो. माका ठाऊक झाला तर माका लपवचा पडतला. तेल देवचा आसा माका, देवाक. उद्या गावात कोण म्हणात, ही आपली न्हय, हेंच्या तेलान देवाची दिवटी कशी पेटवची? आज कोण म्हणणा नाय. कोणाक सुचलाच नाय." पदराने त्यांनी हात पुसले. "तो विराज फोन धरून फिरता. एकदा फोनार गेला म्हणजे गेला."

गाडीचा आवाज आला. विराज चार्जर घेऊन आत आला, मला तुळशीजवळ उभं केलं, केस नीट करायला सांगितले. "फक्त दोन वाक्यं. मी शेरन चेऊलकर, ज्यू, हे माझे लोक. बस्स."

काकी उठल्या नाहीत. सोप्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

मला फोटोसुद्धा काढून घ्यायला आवडत नाही. मी त्या काचेच्या ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मी शेरन चेऊलकर. चेऊलकर म्हणजे चेऊलचा. तिथून सगळ्या जातीची माणसं निघाली. साखळीला याच आडनावाचे आप्पा आहेत, ते ज्यू नाहीत. हे घरही ज्यू नाही."

"कट, कट!" विराज ओरडला. "काय बोलतेस?"

"खरं ते."

"शनिवार? आणि जेवताना तूच विचारलंस ती सुंगटं?"

"शनिवारी तेल ठाण्यातही कुणी घेत नाही. सुंगटं तर तुमच्या कोशर थाळीतच होती," मी म्हटलं. "आणि ती नळी उलट्या बाजूला आहे. आत रिकामी आहे. कुठलाही इस्राएली पाहुणा ती बघेल आणि हसेल. व्हिडिओ टाकलात तर मी खाली हे सगळं लिहीन. माझी अश्दोदची बहीणही लिहील."

रागापेक्षा विराजला हिशेब चुकल्याचं वाटत असावं. मग त्याने स्टँड मिटला. "मग तू आलीस कशाला?" एवढंच म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला. मला सोडायचंही त्याला सुचलं नाही.

काकींनी चौकटीवरची नळी स्वतः कोयत्याने उचकटून काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमची तुमकां."

माझी बस यायला वेळ होता. काकी तिठ्यापर्यंत चालत आल्या. वाटेत कुणीतरी कुंपणाआडून विचारलं, "कोण गो ती?" "चेडवाच्या कामाची मैत्रीण," काकी म्हणाल्या. त्यांना मुलगी नाही. उत्तर इतकं सहज आलं की मला वाटलं, या घरात पिढ्यान्पिढ्या अशी उत्तरं तयार असणार.

तिठ्यावर आम्ही वडाखाली उभ्या राहिलो. पप्पांचा फोन आला. "काय गं? निघाले का आपले?"

काकी दुसरीकडे बघत होत्या, पण ऐकत होत्या.

"नाही पप्पा. योगायोग आहे."

"मला वाटलंच," पप्पा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. ते कळत असूनही मी फोन ठेवला.

बस वळणावर दिसली. काकींनी माझं मनगट धरलं. खोबऱ्याने हात तेलकट होता. बस पुढ्यात येऊन थांबेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा कंडक्टरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "नवमीक ये. दिवस बुडच्या आधी. मगे मी कोणाक दार उघडूचंय नाय. आणि एकटीच ये."